आपल्या माडाचा नारळ, दुसऱ्याचा खांदा

ज्याच्या खांद्यावर आमच्या माडाचा नारळ पडला, त्यालाच आम्ही समजावत होतो की बाबा, आमच्यावर लेखी दावा कर. आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. प्रियोळातल्या आमच्या सोप्यावर हात गळ्यात अडकवून बसलेला आमचा पोदेर. मूळचा खानापूरकडचा, पण आमच्या वाड्यावर पाव घेऊन येऊ लागला त्याला इतकी वर्षं झाली की त्याच्या भोंग्यावर मुलं उठतात. तो म्हणाला, "वैनी, तुमच्यावर दावा लावून मी उद्या पाव कुणाच्या दारात घालू?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला 'लायबिलिटी' विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, विम्याचा एक आख्खा विभाग समजून घ्यावा लागला. समजला तसा लिहून ठेवते. गोव्यात ज्याच्याकडे परसू आहे, माड आहेत, रस्त्याकडेचा जुना गडगा आहे, विहीर किंवा कुत्रा आहे, त्या प्रत्येकाचा याच्याशी संबंध आहे, आणि आपल्याकडे यावर कुणी बोलत नाही. स्कूटरचा विमा सगळ्यांना ठाऊक. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे, न काढणाऱ्याला पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्यातला सक्तीचा 'थर्ड पार्टी' भाग म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. पण सायकलवरच्या पोदेरावर नारळ पडतो तेव्हा त्यात मोटार कुठेच नसते. मग त्याची भरपाई कोण देणार?

आमच्याकडे हा विमा आला तो जर्मनीमुळे. माझी भाची तिकडे शिकायला गेली, तेव्हा खोलीची चावी देण्याआधी घरमालकिणीने तिला विचारलं, तुझा 'हाफ्टफ्लिष्ट' आहे ना? आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा हा वैयक्तिक विमा. तिथे तो सक्तीचा नाही, तरी बहुतेक घरांत असतो. तिथली नागरी संहिता १९०० सालापासून लागू आहे. तिच्या ८२३व्या कलमाप्रमाणे कुणी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला, मालमत्तेला इजा केली तर भरपाई द्यावी लागते, आणि त्या रकमेला वरची मर्यादा नाही. भाची फोनवर म्हणाली, "मावशी, मी सायकलने जाताना कुणाला धडकले आणि तो माणूस अंथरुणाला खिळला, तर माझ्या पगारातून वर्षानुवर्षं पैसे जातील. म्हणून इथे विद्यार्थीसुद्धा हा विमा काढतात." मला तेव्हा तिची नाही, आमच्या पायवाटेवर वाकलेल्या माडाची आठवण झाली.

फोंड्यातल्या आमच्या एजंटाला विचारलं. त्याने आधी भारत गृह रक्षा पॉलिसी दाखवली. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना सारख्याच मजकुराची ही घरविम्याची पॉलिसी विकायला लावली. आग, वादळ, पूर, भूकंप, दरड अशांतून घराचं आणि सामानाचं नुकसान झालं तर ती भरून देते. झाड घरावर पडलं तरी देते. चांगली पॉलिसी आहे, आणि गृहकर्ज घेणाऱ्या पुष्कळांकडे ती असते. पण ती आपल्या घरासाठी. आपलं झाड शेजाऱ्याच्या डोक्यावर पडलं तर तिच्या मूळ मजकुरात त्या शेजाऱ्यासाठी काही नाही. मी हे दोनदा विचारून घेतलं, कारण ऐकताना ते एकच वाटतं.

मग त्याने जुन्या धर्तीची गृहस्थ पॉलिसी काढली, जिला सगळे 'हाउसहोल्डर्स' म्हणतात. तिचे विभाग पाडलेले असतात: आग, घरफोडी, दागिने, काचा, उपकरणं, सायकल, प्रवासातलं सामान, वैयक्तिक अपघात, आणि शेवटी शेवटी 'पब्लिक लायबिलिटी'. पहिला विभाग घ्यावाच लागतो, बाकीचे निवडायचे. या शेवटच्या विभागात दोन भाग होते. घराच्या संदर्भात बाहेरच्या माणसाला इजा झाली किंवा त्याची वस्तू मोडली, आणि कायद्याने आपण देणं लागत असलो, तर तो खर्च. दुसरा भाग घरकामाला येणाऱ्या माणसांना काम करताना इजा झाली तर. एजंट म्हणाला, हा विभाग कुणी घेत नाही, दागिन्यांचा घ्या. आम्ही दोन्ही घेतले. दागिन्यांच्या हप्त्यापुढे याचा हप्ता किरकोळ होता.

पावसाळ्यात नारळ काढायला पाडेली मिळत नाही, हे गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. खोड निसरडं होतं, चढणारे थोडे उरलेत, आणि चवथ जवळ आली की सगळ्या वाड्याला एकाच आठवड्यात नारळ हवे असतात. आमचा पाडेली येतो म्हणाला होता, पाऊस थांबत नव्हता. त्या सकाळी पोदेराने गेटाजवळ सायकल टेकवली, टोपलीवरचं प्लास्टिक उचलून उंडे मोजायला घेतले आणि वरून सुका नारळ आला. डोक्यावर पडला असता तर मी हे लिहायला बसले नसते. खांद्यावर पडला. कॉलर बोन मोडलं.

फोंड्याच्या उपजिल्हा इस्पितळात नेलं, तिथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात. केसपेपरवर डॉक्टरांनी 'नारळ अंगावर पडून इजा' असं लिहिलं. त्या चार शब्दांचं मोल पुढे कळलं. इजा कशाने झाली याचा पहिल्याच तासात त्रयस्थाने केलेला हा पुरावा होता. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड त्याच्याकडे नव्हतं. २०१६ साली सुरू झालेली ही योजना तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार देते, पण गोव्यातलं पाच वर्षांचं वास्तव्य कागदावर दाखवावं लागतं, आणि त्याचे सगळे कागद गावाकडचे. बँकेतून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना त्याने घेतली होती. ती अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पैसे देते. हाड मोडून दोन-तीन महिने बसावं लागलं तर काही नाही. आणि त्याचं खरं नुकसान तेच होतं. उपचार कसेही झाले असते. हातगाडीवाला, पोदेर, पाडेली, यांची मजुरी थांबते तेव्हा घर थांबतं.

इस्पितळाच्या बाकावर मी त्याला म्हटलं, "घाबरू नकोस, आम्ही आहोत." यजमानांनी एक्स-रेचे आणि औषधांचे पैसे दिले. घरी येऊन पॉलिसीचा कागद उघडला आणि त्यातली अट वाचली. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करायची नाही, काही देऊ करायचं नाही, वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत.

ही अट वाचून मला राग आला. मोडलेल्या हाडासमोर गप्प बसायला सांगणारा हा कुठला करार? पण शांतपणे विचार केला तेव्हा तिच्यामागचं कारण पटलं. पैसे कंपनी देणार असेल तर किती द्यायचे, द्यायचे की नाही, हे तपासण्याचा हक्क तिला हवा. नाहीतर दुसऱ्याच्या खिशातून उदार होणं सोपं आहे, आणि त्याचा भार शेवटी हप्ता भरणाऱ्या सगळ्यांवर येतो. एजंटाने कंपनीशी बोलून सांगितलं, इस्पितळात नेणं, तातडीच्या औषधाचे पैसे देणं ही माणुसकी आहे, त्याला कंपनी हरकत घेणार नाही. ते पैसे परत मागू नका, आणि चूक आमची आहे असं लिहून देऊ नका. माझी तक्रार अटीबद्दल नाही. विमा विकताना ही अट कुणी वाचून दाखवत नाही, याबद्दल आहे. वाड्यावरचा कुठलाही भला माणूस पहिल्या संध्याकाळी नेमकं तेच करेल जे कागदावर मना केलेलं आहे.

त्याच रात्री कंपनीला ईमेल केला. तारीख, वेळ, जागा, काय पडलं, कुणाला लागलं, कुठे नेलं, कुणी पाहिलं. एवढंच. कुणाची चूक याबद्दल एक अक्षर नाही. यजमानांनी गेटाचे, माडाचे, रस्त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि तो नारळही बाजूला ठेवला होता. पणजीच्या शाखेतून दोन दिवसांत नोंदीचा क्रमांक आला, मग कंपनीच्या वतीने पाहणी करणारा सर्व्हेअर आला.

सर्व्हेअर मला वाटला होता तसा नव्हता. सोप्यावर बसून पेज प्यायला आणि मग फीत घेऊन माडापासून गेटापर्यंत, गेटापासून पंचायतीच्या रस्त्यापर्यंत अंतर मोजलं. पोदेर गेटाच्या आत होता की बाहेर? माड कुणाच्या नावावर? जमिनीच्या नोंदीचा फॉर्म १ व १४ काढून द्यावा लागला. त्यावर यजमानांबरोबर मुंबईत असलेल्या धाकट्या दिरांचंही नाव, कारण वाटणी झालेली नाही. गोव्यात हे घरोघरी आहे. वडिलोपार्जित परसवात दहा-दहा नावं असतात आणि राहतो एकटाच. सर्व्हेअर म्हणाला, ताबा आणि देखभाल कुणाकडे ते महत्त्वाचं, पण उद्या कोर्टात गेलं तर नावं सगळ्यांची येऊ शकतात. मग त्याने विचारलं, नारळ शेवटचे कधी पाडले? पुढचे कधी पाडणार होता? आधी कधी इथे नारळ किंवा चुडत, म्हणजे झावळी, पडून कुणी तक्रार केली होती का? पंचायतीचं पत्र आलं होतं का?

या प्रश्नांत सगळा विषय होता, आणि तो मला नीट समजला आमच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे. त्यांनी सांगितलं, अशा नुकसानभरपाईचं आपल्याकडे एक छापील कायद्याचं पुस्तक नाही. न्यायालयांच्या निकालांतून ते घडत आलं आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली. त्यांच्या वारसांच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली महानगरपालिकेला जबाबदार धरलं. बांधकाम जुनं झालं होतं, त्याचं आयुष्य कधीच संपलं होतं. हमरस्त्यालगतच्या वास्तूच्या मालकाने ती सुस्थितीत ठेवलीच पाहिजे, दोष वरून दिसणारा असो वा आत लपलेला, असं न्यायालय म्हणालं. माड म्हणजे मनोरा नाही. पण रस्त्याकडे झुकलेलं झाड आपण राखतो, त्याचं फळ आपण खातो, त्यातून काय पडू शकतं हे आपल्याला ठाऊक असतं, तेव्हा वाजवी काळजी घेणं आपल्यावर आलंच. धोकादायक झाडाबद्दल शेजारी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्जही करू शकतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३व्या कलमात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ती १५२व्या कलमात आहे. असा अर्ज आला, आदेश आला आणि तरी मालक बसून राहिला, तर काळजी घेतली नाही हे सिद्ध करणं सोपं जातं.

मग त्यांनी असं काही सांगितलं की मी काही वेळ बोलू शकले नाही. लायबिलिटी विमा दुर्दैवाची भरपाई देत नाही, जबाबदारीची देतो. तुमच्याकडून कसलीच हयगय झाली नसेल, वादळात निरोगी माड मुळासकट पडला असेल, तर कायदा तुम्हाला देणं लावणार नाही, आणि कायदा लावत नाही ते कंपनी देणार नाही. म्हणजे पाडेली महिनाभर येऊ शकला नाही, पिकलेले नारळ वर होते आणि आम्हाला ते दिसत होते, ही गोष्ट लपवली तर आम्ही निर्दोष ठरणार आणि पोदेराच्या हातावर काही पडणार नाही. ती सांगितली तर त्याला मिळण्याची शक्यता वाढते. आम्ही सर्व्हेअरला सगळं होतं तसं सांगितलं, पाडेलीला केलेल्या फोनच्या नोंदीसुद्धा दाखवल्या. त्यासाठी धीर करावा लागला नाही. विमा घेतला होता तो यासाठीच. खरं बोलून आपलं घर बुडणार नाही, एवढं बळ तो कागद देतो, आणि माझ्या लेखी या विम्याचं सर्वांत मोठं मोल तेच आहे. ज्याच्याकडे हा विमा नाही, त्याला खरं बोलणं महागात पडतं. मग चांगली माणसंसुद्धा 'नारळ कुणाच्या हातात असतो का' असं म्हणू लागतात.

अडचण निराळीच आली. कंपनी म्हणाली, जखमी माणसाचा तुमच्यावर लेखी दावा कुठे आहे? दावाच नाही तर आम्ही कशाची भरपाई द्यायची? बरोबर होतं. या विम्यात कंपनी आणि आम्ही यांच्यात करार, पण पैसे तिसऱ्याला. तो तिसरा जोवर मागत नाही तोवर चाक फिरत नाही. आणि आमचा पोदेर मागायला तयार नव्हता. त्याच्या मनात दावा म्हणजे कोर्ट, कोर्ट म्हणजे वैर. त्याच्या गावी दोन भावांनी बांधावरून दावा लावला आणि पुन्हा एकमेकांच्या लग्नकार्यात गेले नाहीत, हे त्याने आम्हाला सांगितलं.

यजमानांनी त्याला समजावलं, "तू आमच्यावर लिही, म्हणजे आम्ही कंपनीला दाखवतो. आमच्या खिशातून जात नाही." तो म्हणाला, "मग तुम्हीच लिवा, मी अंगठा... सही करतो." हे आम्ही केलं नाही. आमच्यावरचा दावा आम्हीच लिहायचा, त्यातली रक्कम आम्हीच ठरवायची, हे कंपनीशीही बेइमानी झालं असतं आणि त्याच्याशीही. त्याला त्याच्या बाजूने विचार करणारं माणूस हवं होतं. वकीलबाई आमच्या ओळखीच्या, म्हणून त्यांनीही नकार दिला. त्यांनी तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवला. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतला कुणीही, यांना वकील फुकट मिळतो. फोंड्याच्या न्यायालयात जाऊन त्याने अर्ज केला. आम्ही त्याला सोडायला गेलो आणि बाहेरच थांबलो.

तिथल्या तरुण वकिलाने त्याला अर्ध्या तासात जे पटवलं ते आम्हाला इतक्या दिवसांत जमलं नव्हतं. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "वैनी, वकील म्हनला, हे भांडान नव्हं, हिशेब हाय."

नोटीस आली. आमच्या नावाची, आमच्याच पत्त्यावर, पोस्टमनने सही घेऊन दिलेली. वाचताना छातीत धस्स झालं, सगळं माहीत असूनही. 'आपल्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द आपल्याबद्दल छापलेले पाहणं सोपं नाही. ती आम्ही उत्तर न देता जशीच्या तशी कंपनीला पाठवली. हीसुद्धा अटच आहे: पत्र, नोटीस, समन्स, जे येईल ते ताबडतोब पुढे पाठवायचं. आपण परस्पर उत्तर द्यायचं नाही. बचाव करायचा की तडजोड, ते कंपनी आपल्या नावाने ठरवते, आणि तिच्या संमतीने झालेला वकिलाचा खर्चही तीच देते.

पुढचे दिवस कागदांचे. उपचाराची बिलं थोडीच होती. बुडालेली कमाई सिद्ध करणं अवघड गेलं. पोदेराला पगारपत्रक नाही, बँकेत जमा नाही. तो फोर्नवरून, म्हणजे बेकरीच्या भट्टीवरून, पाव घाऊक दराने उचलतो, विकतो आणि वरचे पैसे त्याचे. कंपनीने आधी विचारलं की तो बेकरीचा नोकर आहे का. तसं असतं तर तेव्हा लागू असलेल्या १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याने बेकरीवाल्यावर देणं आलं असतं. नोकर नसल्याचं आणि रोज किती पाव उचलायचा याचं पत्र बेकरीवाल्याने वहीच्या पानांच्या नकलांसह दिलं. त्या वहीत पेन्सिलीने मांडलेले रोजचे आकडे हाच त्याचा पगाराचा पुरावा ठरला. वाड्यावरच्या बायकांनी लिहून दिलं की तो कधीपासून कधीपर्यंत आला नाही.

कंपनीने मागितलेली सगळी रक्कम दिली नाही. उपचार आणि बुडालेली कमाई मान्य केली. वेदनांसाठी वकिलाने लावलेला आकडा बराच खाली आणला. त्यावर पत्रं झाली, शेवटी कोर्टात न जाता तडजोड ठरली. पैसे थेट त्याच्या खात्यात गेले, आणि पूर्ण व अंतिम भरपाई मिळाल्याची सही त्याने त्याच्या वकिलासमोर केली. कंपनी अडून बसली असती तर आम्ही विमा लोकपालाकडे जाणार होतो. तिथे तक्रारीला शुल्क नाही. तशी वेळ आली नाही.

मला हा निकाल पूर्ण न्याय्य वाटत नाही. तीन महिने उजवा हात न उचलता आलेल्या माणसाच्या दुखण्याची किंमत त्याहून जास्त आहे असं माझं मत आहे. पण हेही खरं की विमा नसता तर एवढी रक्कम त्याने आमच्याकडे कधी मागितली नसती, आणि आम्ही दिली असती तर ती उपकार म्हणून दिली आणि घेतली गेली असती. त्याने हक्काने घेतली. पुन्हा येऊ लागला तेव्हा मान खाली घालून आला नाही, आणि आम्हालाही घालावी लागली नाही.

वाड्यावर काहींनी सल्ला दिला, माडच तोडून टाका. माड असा तोडता येत नाही. १९८४च्या गोव्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातून २०१६ साली माड वगळला होता. त्यावर लोक उठले, २०१७ साली तो परत संरक्षणाखाली आला आणि राज्यवृक्षही झाला. तोडायचा तर वन खात्याची परवानगी लागते. नारळ आणि सुकी चुडतं काढायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. आता पावसाआधी, मे महिन्यात, सगळे माड साफ करून घेतो, आणि गेटावरच्या माडाला जाळी बांधली आहे. पाडेलीला चढवण्यापूर्वी त्याचा विमा विचारते. नारळ विकास मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजना खास माडावर चढणाऱ्यांसाठी आहे. आमच्या पाडेलीला ती माहीत नव्हती, फॉर्म आम्ही भरून दिला.

नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसीत दोन बदल केले. आधी विमाधारक म्हणून फक्त यजमानांचं नाव होतं. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसला की मालमत्ता नवरा-बायकोची समाईक धरली जाते, मग नोटीस दोघांच्या नावाने येऊ शकते. म्हणून माझंही नाव घातलं. आणि लायबिलिटीची मर्यादा वाढवली. तिथे दोन आकडे असतात, एका अपघातासाठी किती आणि वर्षभरात एकूण किती. एजंट मोठा आकडा सांगतो, वाचताना लहान आकडा शोधायचा. काय वगळलं आहे तेही पाहावं. घरातल्याच माणसाला झालेली इजा, आपल्या ताब्यात असलेली दुसऱ्याची वस्तू, जाणूनबुजून केलेलं नुकसान, मोटार, आणि धंद्यातून आलेली जबाबदारी, हे सहसा बाहेर असतं.

यातला शेवटचा मुद्दा गोव्यात फार महत्त्वाचा आहे. पर्यटकांना खोल्या देणारी किती घरं आहेत! घर राहतं असलं तरी पैसे घेऊन पाहुणा ठेवला की तो धंदा, त्याची नोंदणी १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली करावी लागते. तो पाहुणा न्हाणीघरात घसरून पडला तर गृहस्थ पॉलिसी हात वर करील. पांढऱ्या पाटीची स्वतःची स्कूटर पर्यटकाला भाड्याने देणाऱ्यांचंही तसंच. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं लागतात ती उगाच नाहीत. खाजगी वापराच्या विम्यावर भाडं घेतलं की अट मोडली. मग जखमीला कंपनीने दिलं तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते.

आमच्या शेजारणीने मागच्या बाजूच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी तयार केल्या आहेत. तिच्या विहिरीला कठडा कमरेच्याही खाली आहे. तिने आमच्या एजंटाला विचारलं, माझ्या घराच्या पॉलिसीत हे बसवता येईल का. तो नाही म्हणाला, वेगळी व्यवसायाची लायबिलिटी पॉलिसी लागेल, आणि तिच्यासाठी आधी पर्यटन खात्याची नोंदणी दाखवावी लागेल. नोंदणीचा अर्ज तिने गेल्या आठवड्यात दिला. गवंड्यालाही सांगितलं आहे, पहिला पाहुणा यायच्या आत कठडा वर घ्यायचा.